हरणांच्या सीझनमध्ये कावळा

बाबांच्या दहाव्याला नागपुरात कावळा शिवला नाही. चुलतभाऊ दिगंबर घाटावर पिंड मांडून ताटकळला, ज्याने त्याने सुचेल ते कबूल करून पाहिलं, आणि शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मग सगळे जेवायला बसले. आई बसली नाही. दर्भाचा कावळा आपणच करायचा, आपणच टेकवायचा, त्यात त्यांचं समाधान कसलं, असं तिचं म्हणणं. त्यावर शोभनाकाकूने फोडणी दिली, "जीव लेकीत अडकलाय. तिला म्हणा, तिकडेच ठेव एक पिंड."

लेक म्हणजे मी, रुचा. तिकडे म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज नावाचं गाव, जिथे मी पीएचडी करते. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता. नागपूरला गेले असते तर परत यायचं स्टँपिंग कधी झालं असतं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. येऊ नको, असं आईच म्हणाली, आणि मी गेले नाही. बाबांना नेताना मी फोनवर पाहिलं, मग उठून भांडी घासली. लॅबमधले लोक सॉरी म्हणाले, मी थँक यू म्हणाले. रडू येईल म्हणून वाट पाहिली, तर तेही नाही. आतमध्ये दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखं झालं होतं, आपलाच गाल आणि आपल्यालाच पत्ता नाही.

पण आई नुसत्या चहावर होती. कावळा शिवल्याशिवाय घास उतरत नाही म्हणत होती, आणि तिला शुगर आहे. तेव्हा कावळा शोधणं भाग होतं.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार होता. सकाळी आंघोळ केली, भाताचा गोळा केला, वर दही घातलं. काळे तीळ चायनीज दुकानातून आणले होते, काकूने कंपनी विचारली नाही हे नशीब. काकूच्या हुकुमाप्रमाणे पांढरा कुर्ता घातला, जॅकेट काळं होतं म्हणून त्यावरून पांढरी शाल डोक्यापासून गुंडाळली.

माझी रूममेट चारुता दारातच आडवी आली. ती मुंबईची, कोणाला दटावायचं म्हटलं की तिला हुरूप येतो.

"कुठे निघालीस?"

"मागच्या जंगलात. पिंड ठेवायला."

"अशी? यार, आजपासून हरणांच्या शिकारीचा रायफल सीझन आहे. युनिव्हर्सिटीची ईमेल वाचत नाहीस का? हरीण पळताना शेपटी वर करतं, ती खालून पांढरीशुभ्र असते. लांबून झाडीत तेवढंच दिसतं. अर्धं गाव आज बंदूक घेऊन बसलंय आणि तू पांढरं गुंडाळून फिरणार?" तिने कपाटातून भडक नारिंगी जाकीट काढलं. "हे वरून घाल. ऑरेंज असलं की माणूस आहे हे कळतं."

"काकू म्हणाली रंगीत काही नको."

"काकू नागपुरात आहे."

मुद्दा बिनतोड होता. तिला लॅबमधल्या उंदरांना खायला घालायला बस पकडायची होती, म्हणून मी जाकीट पिशवीत कोंबलं आणि बाहेर गेल्यावर घालते म्हणाले. घातलं नाही. लागली गोळी तर लागली, असं मनात आलं, आणि त्या विचाराने दचकायलासुद्धा झालं नाही.

अपार्टमेंटच्या पार्किंगमागूनच पायवाट निघते. पानं सगळी गळलेली, जमीन गोठून टणक. एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर मी कागदी प्लेट ठेवली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. आईचा चेहरा लहान झाला होता.

"दिसतोय का कावळा?"

दिसत होता. समोरच्या ओकच्या शेंड्यावर एक बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

"त्यांना सांग काहीतरी," आई म्हणाली. "मनात राहिलेलं असेल ते कबूल कर."

"बाबा, मी पीएचडी पूर्ण करीन," मी म्हणाले. कावळ्याने मान खाजवली.

"बाबा, आईकडे लक्ष देईन." काही नाही.

"लग्नाचं म्हण," आई हळूच म्हणाली.

"बाबा, तुम्ही म्हणाल त्या मुलाशी लग्न करीन," मी म्हणाले. कशालाही कबूल झाले असते, मला सगळं सारखंच होतं. तेवढ्यात टेकडीपलीकडे बार झाला आणि कावळा उडून आवाजाच्याच दिशेने गेला.

"काय वाजलं?" आईने विचारलं.

"काही नाही गं."

मग झाडांतून एक म्हातारा आला, टोपीपासून जाकिटापर्यंत नारिंगी, बंदुकीची नळी जमिनीकडे धरलेली. माझ्यापासून बऱ्याच अंतरावर थांबला.  तो इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, मघापासून बंदुकीच्या दुर्बिणीत तुम्हीच होतात. पांढरं हललं, मला शेपटी वाटली. माझं बोट चापावर होतं." मग तो प्लेटकडे बघत राहिला. "इथे काय करताय तुम्ही?"

"कावळ्याची वाट बघतेय," मी म्हणाले.

त्याला काय समजलं कोण जाणे. "कावळे आज इकडे येणार नाहीत," तो म्हणाला. "पलीकडे लोकांनी हरणं साफ केलीयत. आतडी पडलीयत तिथे, सगळे तिकडेच आहेत." ऑरेंज घाला, प्लीज, असं दोनदा म्हणून तो वाटेवरच उभा राहिला, मी निघेपर्यंत हलणार नाही असा.

फोनमधून आईने हाक मारली.

"रुचा, तो काय म्हणाला?"

"रस्ता विचारत होता."

"मला इंग्रजी येतं."

मी पिशवीकडे बघितलं.

"नारिंगी काही आहे का तुझ्याजवळ?"

"पिशवीत आहे. पण काकू म्हणाली..."

"काकू गेली खड्ड्यात. घाल आधी. माझ्यासमोर घाल." मी घातलं. थंडीने बोटं चालत नव्हती, चेन लागायला वेळ गेला. आई डोळ्याची पापणी न लववता बघत होती. "आता घरी जा."

"अगं, पण कावळा? तू जेवत नाहीयेस."

"जेवते मी. आत्ता जेवते. राहू दे त्या मेल्याला उपाशी. तू घरात जाईस्तोवर फोन ठेवणार नाही मी."

प्लेट तिथेच राहिली. मी फोन छातीशी धरून चालत राहिले. मागे पुन्हा बार झाला, आणि आता मी दचकले. मला भीती वाटत होती. फोनमधून आईचा श्वास ऐकू येत होता. पार्किंग ओलांडलं, जिना चढले, कुलूप उघडलं, दार आतून लावलं.

"पोचले, आई."

तिने सुस्कारा सोडला. मग सवयीने मान वळवून आतल्या खोलीकडे बघत मोठ्याने म्हणाली, "अहो, पोचली हो ती."

खोलीतून कोणी काही म्हणालं नाही. आई तशीच मान वळवून राहिली, आणि मी दाराला टेकून खाली बसले आणि रडले.