करवंटीचा तुकडा

सूर या आखाती बंदराच्या आतल्या वाळवंटात धावपट्टी तव्यासारखी तापली होती आणि मी जाम खुश होते. असलीच धग मला हवी होती. आमचं अवाढव्य लष्करी मालवाहू विमान पूर्ण भरून, ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी उडतं की नाही, ते आज ठरणार होतं. प्रकल्पाची मुख्य अभियंता मी, रेवा. कित्येक वर्षं याच विमानात घातली होती. धावपट्टी आजच्यापुरतीच मिळाली होती; आज उड्डाण झालं नाही तर चाचणी पुढच्या उन्हाळ्यात, आणि तोवर विमान विकत घेणारे इथले लष्करवाले थांबणार नव्हते. त्यांचे कर्नल हुसेन खास बघायला आले होते.

नारळ फोडायला मी परवानगी दिली होती, पण हँगरमागे, ताडपत्री अंथरून. आमच्या ग्राउंड क्रूचा प्रमुख उत्तम पडला गुहागरचा. इतक्या मोठ्या कामाचा नारळ मागच्या दाराने फोडणं त्याच्या मनाला पटेना. गडी थेट पुढच्या चाकाशी गेला आणि आपटला! करवंटीचे तुकडे चहूकडे उडाले.

मी कडाडले. आमचं इंजिन जमिनीवरचा खडासुद्धा आत ओढतं. करवंटी गेली तर पात्यांचा चुराडा. मग सुरक्षेचं बघणाऱ्या रत्नागिरीच्या यूनुसने पंचा पसरला, गोळा केलेले तुकडे त्यावर मांडले आणि एखादा तुकडा राहिला तर नाही ना, ते बघायला तो आणि उत्तम मांडी घालून करवंटी जुळवायला बसले. करवंटी जुळली, पण मधे बोटभर फट राहिली.

सगळा क्रू ओळीने वाकून जमीन धुंडाळू लागला. काही मिळेना. ऊन उतरायला लागलं, वैमानिक दोनदा विचारून झाला. वाऱ्याने उडाला असेल, यल्ला, चला, सुरू करू, असं कोणीतरी म्हणालं. खरं सांगते, मला ते पटवून घ्यायचं होतं. फार घ्यायचं होतं. उत्तम तर रडायच्या बेतात होता.

मी रेडिओ उचलला. "तुकडा मिळेपर्यंत इंजिन सुरू होणार नाही."

पाहुण्यांच्या मंडपातून कर्नल ताडताड चालत आले. का थांबलो, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, नारळासकट. त्यांनी पंच्याकडे बघितलं, मग ओशाळून खिशातून तुकडा काढला. मघाशी विमान बघताना चाकाजवळ काहीतरी पडलेलं दिसलं, म्हणून उचललं होतं. धावपट्टीवरचा कचरा उचलायची जन्माची सवय, पण सांगायचं राहिलं. उत्तमने तुकडा बसवला. फट बुजली.

"खलास, मॅडम," यूनुस म्हणाला. "पुरी झाली."

इंजिनं गरजली. विमान धावलं, आणखी धावलं, आणि त्या उकळत्या हवेत नाक वर करून अलगद उठलं. मी भान विसरून उड्या मारल्या, उत्तमच्या पाठीत धपाटा घातला, पोटभर ओरडले.

विमान दिसेनासं झालं तसे कर्नल माझ्याकडे वळले.

"मी तो तुकडा दिला नसता तर?" त्यांनी विचारलं.

"तर ते अजून इथेच उभं असतं."

त्यांनी मान हलवली. "माझा मुलगा पॅराट्रूपर आहे," ते म्हणाले. "तो याच विमानातून जाईल."