अठ्ठाईत सोडलेली गोळी

पप्पा गेले तेव्हा मी रडले नाही. भावनगरहून राजकोटला माहेरी गेले, बायकांत बसले, माझ्या लेकीच्या, हेतीच्या, वेण्या घातल्या आणि परत आले. सोसायटीतल्या बायकांनी त्यावरून बरंच तोंडसुख घेतलं. "तुमची वहू म्हणजे दगड आहे हो," असं कुणीतरी बांना, माझ्या सासूबाईंना, ऐकवलंही. खरं सांगायचं तर मला वाईट वाटतंय की नाही, हेच कळत नव्हतं. हेती झाल्यावर मी अंथरुणातून उठेनाशी झाले होते, तेव्हा मनाच्या गोळ्यांनी मला उठवलं. पण उठवता उठवता आतलं बाकी सगळं झोपवलं, असं मला वाटायचं.

डॉक्टर वसावडांनी गोळी कमी करायला घेतली होती. "आधी पाऊण, मग अर्धी. झरणाबेन, स्वतःच्या मनानं सोडायची नाही हं." मला त्या हळूहळूचा वीट आला होता.

आम्हा जैनांचं पर्युषण आलं आणि मी अठ्ठाई धरली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. तोंडात दुसरं काही जाणार नाही, म्हणजे गोळीही नाही. माझ्या नवऱ्यानं, निमेशनं, विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस?"

"तपात डॉक्टर कशाला?" मी म्हटलं. आमच्याकडे या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात झटका बसू लागला, उघड्या वायरला बोट लागल्यासारखा. आणि मग रडू आलं. उपाश्रयात, साधूंच्या मुक्कामाच्या जागी, महाराजसाहेब पाण्यातल्या जिवांबद्दल बोलत होते आणि मी पप्पांसाठी हुंदके देत होते. किती बरं वाटत होतं! बांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. "बघ वहूचा भाव! दगड म्हणत होतीस ना?"

उतरताना जिन्यात झटका बसला. हेतीचा हात माझ्या हातात होता. मी कोसळले, तीही कोसळली, तिचा ओठ फुटला. बायका धावल्या. "उपवासाचा थकवा गं."

हेती म्हणाली, "मम्मी, तू मला पाडलंस."

आणि माझा हात तिच्यावर उठला. मारलं नाही. पण उठला, सगळ्यांसमोर, रक्त गळणाऱ्या पोरीवर. मला माझीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दिवसाच्या उपवासाचा नियम घ्यायला आम्ही रांगेत उभ्या होतो. मी बांना म्हटलं, "मी आज उपवास नाही घेणार."

"अगं, निम्मं होत आलं! गाणी ठरलीत, मिरवणूक ठरलीय. भूक लागली का?"

"भूक नाही. गोळी सोडलीय म्हणून चक्कर येते."

"त्या ताकदीच्या ना?"

"मनाच्या आहेत, बा."

बा रांग मोडून पुढे गेल्या. "साहेब, हिला बियासणाचा नियम द्या. दोन वेळा जेवेल. औषध घ्यायचंय तिला." इतक्या मोठ्यानं, की मागच्या बायकांनाही ऐकू गेलं. मुगाच्या पाण्याबरोबर मी गोळी घेतली.

वसावडा रागावले नाहीत. परत पहिल्या मात्रेवर नेलं, म्हणाले, तब्येत स्थिरावली की याहून सावकाश कमी करू. काही दिवसांत झटके थांबले. रडणंही थांबलं.

"पण मी पप्पांसाठी रडले," पुढच्या भेटीत मी त्यांना म्हटलं. "तेवढं तरी खरं ना?"

ते म्हणाले, "झरणाबेन, गोळी एकदम सुटली की पुष्कळ जण रडतात. कशावरही."

घरी आले तर पर्युषण संपलं म्हणून संवत्सरीची क्षमा मागायला बायका जमल्या होत्या. बा त्यांना सांगत होत्या, "अठ्ठाई मोडली तर मोडली. पण बापासाठी पोटभर रडली माझी वहू." सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"हो," मी म्हटलं. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं.