काखेतला चेंडू

अमेरिकन फुटबॉलच्या सरावाच्या पहिल्याच आठवड्यात नव्या रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू काखेत धरून पळणाऱ्या गड्याच्या, हातून तीनदा चेंडू सुटला, तेव्हा कोचने फर्मान काढलं: शुक्रवारी सकाळी दहापर्यंत चेंडू काखेतून खाली ठेवायचा नाही, जेवतानासुद्धा. गावातल्या कुणी तो हिसकावून मैदानावर आणून दिला, तर शनिवारच्या सामन्यात पोरगा बाकावर बसणार. पेनसिल्व्हेनियातल्या त्या चिमुकल्या गावाला उन्हाळ्यात एवढा चांगला उद्योग पूर्वी कधी मिळाला नव्हता.

शुक्रवारी साडेनऊला लेनर्ड हुडाक आणि त्याचा दोस्त युजीन हॉटेलातल्या नेहमीच्या टेबलाशी दबा धरून होते. सोबत लेनर्डची सून डेना, कडेवर नऊ महिन्यांची नोरा. बाळांच्या खुर्चीचा पट्टा डेनाने दोनदा ओढून पाहिला होता आणि खुर्ची परत पाठवली होती.

"पाय बघितलेस त्याचे?" युजीन म्हणाला. "साडेचार सेकंदांत चाळीस यार्ड जातो."

"जातो ना. चेंडू मागून येतो, सावकाश."

"तू तर कुणाबद्दलच बरं बोलत नाहीस."

"मी त्याच्याकडे धुण्याची टोपलीसुद्धा देणार नाही."

"तुम्ही कधी उचललीय का ती, पप्पा?" डेनाने विचारलं. युजीन कॉफीच्या कपाआड हसला.

तो नवा पोरगा, ट्रेवन, काउंटरपाशीच बसला होता. उजव्या काखेत चेंडू, डाव्या हाताने पॅनकेकशी झटापट. बाहेर जायची वाट लेनर्डच्या टेबलाला घासूनच होती, आणि जाताना टेबल ट्रेवनच्या उजव्या हाताला येणार होतं. लेनर्डने बाही वर सारली.

वाढणारी बाई गरम कॉफीचं भांडं घेऊन उजवीकडून आली. डेनाने नकळत नोराला डाव्या कडेवर घेतलं. मग तिचं तिलाच जाणवलं, आणि तिने काउंटरकडे पाहिलं. पोरगा दर दोन घासांनी चेंडू चाचपत होता. हातून सुटेल ही भीती तिच्या ओळखीची होती. नऊ महिने ती भीती तिच्यासोबतच झोपत-उठत होती.

बाटलीसाठी गरम पाणी मागायला म्हणून ती उठून काउंटरपाशी, पोराच्या शेजारी गेली.

"नेहमी उजवीकडेच का?" तिने हळूच विचारलं.

"सवय आहे, मॅम."

"कॉफी उजवीकडून आली तर ही डावीकडे जाते." तिने नोराला या कडेवरून त्या कडेवर नेऊन दाखवलं. "बघ, खाली न बघता. छातीवरून सरकवायचं, अंगापासून सुटू द्यायचं नाही. कोच सांगत नाहीत?"

"रोज सांगतात. पण ते ओरडून सांगतात."

"आता उठशील तेव्हा आमचे पप्पा कुठल्या बाजूला असतील?"

पोरग्याने मान वळवली नाही. फक्त गालात हसला.

दहाला पाच मिनिटं कमी असताना तो उठला. टेबलाशी येताच लेनर्डचा हात उजव्या काखेखाली शिरला. तिथे काहीच नव्हतं. हात तसाच पुढे गेला, सिरपच्या बुधलीवर आदळला, आणि बुधली त्याच्या मांडीवर उपडी झाली. ट्रेवन दाराबाहेर पडलासुद्धा.

"सुटलं बरं का हातून," युजीन म्हणाला.

खिडकीतून डेना बघत राहिली. रस्त्यात दोन बायका पर्स सरसावून डावीकडून धावल्या, तसा चेंडू उजवीकडे गेला. मग तो मैदानाच्या फाटकातून आत गेला, काखेत चेंडू घेऊनच.

लेनर्ड पँट पुसत होता. "त्याला कुणीतरी शिकवलं."

"तुझ्याच घरातून फुटलं असेल," युजीन म्हणाला.

लेनर्डने सुनेकडे पाहिलं. सून बाटलीची धार मनगटावर तपासत होती.

"दोनेक मोसम टिकेल पोरगा," लेनर्ड शेवटी म्हणाला.

"आणि धुण्याची टोपली?" युजीनने विचारलं.

"देईन. आधी माझे कपडे काढून घेईन." त्याने दोन्ही हात पुढे केले. "आण गं, नोराला जरा घेतो."

डेनाने त्या हातांवर चमकणारं सिरप पाहिलं आणि नोराला पलीकडच्या कडेवर घेतलं.

"आधी हात धुऊन या, पप्पा."