पाच नंबरची ओळ

सव्वादहाला आम्ही संगणकाची खोली उघडली. म्हणजे गांगणसरांनी उघडली, कारण किल्ली त्यांच्याकडे असते. गेल्या वर्षी, १९८५ साली, शाळेला संगणक मिळाला तेव्हा तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पुण्याला त्यांनाच पाठवलं होतं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, पण मला विचारलंसुद्धा नाही. बाईमाणूस तीन आठवडे कुठे राहणार, असं परस्पर ठरलं. संगणकाबरोबर आलेलं जाड पुस्तक मात्र कुणालाच नको होतं. ते मी घरी नेऊन वाचलं आणि शनिवारी दुपारी मुलींना शिकवलं.

त्यातली राही मयेकर, नववीतली, मिरकरवाड्याची. तिने बेसिक या संगणकाच्या भाषेत साध्या गणकयंत्राचा प्रोग्रॅम लिहिला होता. एक आकडा द्यायचा, मग चिन्ह, मग दुसरा आकडा, की उत्तर पडद्यावर. गुरुवारी तो माझ्यासमोर तासभर चालला, एकदाही अडला नाही. आम्ही तो कॅसेटवर भरून ठेवला. आज अकराला पुण्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मे महिन्यातल्या संगणक शिबिराला शाळेतून एकच नाव जायचं होतं, आणि प्रोग्रॅम डोळ्यांसमोर चालला तरच नाव लिहीन, असं साहेबांनी पत्रात कळवलं होतं.

राहीने टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून कॅसेट लावली. कॅसेटची किरकिर थांबल्यावर तिने सहा, अधिक, तीन दिले. पडद्यावर उत्तराऐवजी इंग्रजीत अक्षरं आली : पाचव्या ओळीत चूक आहे, सांगितलेली ओळ सापडत नाही.

तिने वजा देऊन पाहिलं. सहाव्या ओळीत तीच चूक. गुणिले, सातव्या. भागिले, नवव्या.

"एक नाही, चार चुका," गांगणसर दारातूनच म्हणाले. "मी म्हटलं होतं बाई, पोरींच्या हाती देऊ नका. आता साहेबांना काय दाखवायचं? माझा स्वागताचा प्रोग्रॅम आहे, तो लावतो. 'सुस्वागतम्' लुकलुकतं छान."

"मग नाव कोणाचं जाणार?"

"चालला तरच नाव, असं आहे ना? नाही चालला. यंदा नाही जाणार कोणी. काय बिघडलं?"

मला राग आला की मी मोजायला लागते. चार चिन्हं, चार ओळी, प्रत्येकीत तीच तक्रार. हिशोब चुकलेला नव्हता. चिन्ह बघून प्रोग्रॅम जिथे उडी मारायचा, ती जागाच गायब होती.

राही पडद्याकडे एकटक बघत होती. "बाई," ती हळूच म्हणाली, "माज्या प्रोग्रॅमात पाच नंबरची ओळच नाय. माजी पयली ओळ दहा."

मी सगळ्या ओळी पडद्यावर मागवल्या. एक, दोन, तीन, चार, अशा सोळापर्यंत, एकीला एक लागून. राहीने दहा, वीस, तीस असे क्रमांक दिले होते. बेरजेच्या ओळीचा क्रमांक होता शंभर. पाचव्या ओळीत अजूनही 'शंभरवर जा' असंच लिहिलेलं होतं, आणि शंभर नंबरची ओळ आता कुठेच नव्हती.

"सर, हे कोणी केलं?"

"मी. काल संध्याकाळी दीड तास बसून." त्यांच्या स्वरात अभिमान होता. "हे काय, दहा वीस तीस? हजेरीपटात दहा दहा नंबर सोडून नावं लिहिता का तुम्ही? वीस वर्षं शाळेची रजिस्टरं सांभाळतोय. मधे जागा सोडली की मागाहून कोणीतरी काहीतरी घुसडतो. तपासणीत पहिलं तेच धरतात. साहेबांसमोर नीटनेटकं दिसावं म्हणून सरळ केलं."

"आणि त्याच कॅसेटवर भरलंत?"

"मग? कोरी कुठे आहे?"

त्यांनी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. हे कळलं आणि माझा राग कमी होण्याऐवजी वाढला. चूक स्वतःची, आणि ती बिनदिक्कत चौदा वर्षांच्या मुलीच्या माथी मारून ते 'सुस्वागतम्' लावायला निघाले होते.

"क्रमांक बदलायचा एक हुकूम आहे, सर. तो दिला की यंत्र उड्यांचे आकडेही स्वतःच बदलतं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. तीन आठवडे पुण्याला काय केलंत तुम्ही?"

गांगणसरांचा चेहरा लाल झाला. "पोरीसमोर तरी जपून बोला."

"तिच्यासमोरच बोलायचंय. तिचाच प्रोग्रॅम मोडलाय."

शिपाई लवू धावत आला. साहेबांची जीप मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतून निघाल्याचा फोन आला होता. "वीस मिनिटं हत," तो म्हणाला.

"राही, वही काढ," मी म्हटलं. "जुनं पुसून टाक. पहिल्यापासून घाल."

तिने वही काढली, पण उघडली नाही. तिला पाठ होतं. घाईत एक ओळ दोनदा घालावी लागली. गांगणसर आत येऊ लागले, तेव्हा मी दारात उभी राहिले आणि बाजूला झाले नाही. साडेतीन वर्षांच्या नोकरीत मी असं कधीच केलं नव्हतं.

साहेब आले तेव्हा शेवटची ओळ पडत होती. त्यांनी खुर्ची ओढून सात, भागिले, शून्य दिलं. पडद्यावर आलं : शून्याने भागता येत नाही. ते हसले. मग त्यांनी ओळी मागवल्या.

"सगळ्या दहाच्या पाढ्यात, आणि ही एकच पंच्याहत्तर? का?"

"तेच मी मघाशी यांना—" गांगणसर पुढे झाले.

"तिला विचारा," मी म्हटलं. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "प्रोग्रॅम तिने लिहिलाय."

राहीने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "शून्याचं माका मागनं सुचलं, सर. मागनं सुचतंच. म्हणून तर मधी जागा ठेवायची."

साहेबांनी डायरी काढून नाव विचारलं. गांगणसर म्हणाले, "आमच्या शाळेची विद्यार्थिनी." मी म्हटलं, "राही मयेकर. इयत्ता नववी ब." साहेब लिहून होईपर्यंत मी त्यांच्या पेनकडे बघत राहिले.

ते गेल्यावर राहीने प्रोग्रॅम पुन्हा कॅसेटवर भरला. गांगणसरांनी हात पुढे केला. "द्या, कपाटात ठेवतो."

कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन बारीक टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मी टेपरेकॉर्डरमधून कॅसेट उचलली, केसातली पिन काढली आणि एकेक करून दोन्ही मोडल्या.

"अहो बाई! शाळेची वस्तू आहे ती!"

"हो," मी म्हटलं, आणि कॅसेट राहीच्या हातात दिली.