हात वर, दाब खाली

टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर हॉल होता, आणि सकाळी आठपासून त्याच्या जिन्यावर रांग लागायची. लिफ्ट नव्हती. गुडघे धरत, धापा टाकत माणसं वर पोचायची, तोच दाराशी, गोळ्यांशिवाय दाब उतरवणाऱ्या बाबांची भाची त्यांना उभ्याउभ्या हात खाली सोडायला लावून मनगटावर रक्तदाबाचं यंत्र बांधायची. आकडा भिंतीवरच्या पडद्यावर उमटायचा. एकशे नव्वद. दोनशे दोन. हॉलभर हळहळ पसरायची.

मग बाबा यायचे. पांढरा सदरा, गळ्यात कधीच कानाला न लागलेला स्टेथोस्कोप. त्यांचं म्हणणं असं, की दाब म्हणजे रक्तात साठलेला राग. हात आकाशाकडे केला की तो बोटांतून निघून जातो. निघून नेमका कुठं जातो, हे कुणी विचारत नसे. अर्धा तास डोळे मिटून बसायचं, मग हात डोक्यावर ताठ धरायचा, बाबा एक बोट लावणार, यंत्र पुन्हा चालणार. एकशे बावीस. माणसं रडायची आणि गोळ्यांची पाकिटं दाराजवळच्या बादलीत टाकून घरी जायची.

सरकारी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला हे कळलं तेव्हा ती हसली. पण तिची थोरली बहीणही तिथं जात होती. ताई शिवणकाम करायची, दाबाची जुनी रुग्ण. सिस्टरनं तिला बाबा भोंदू असल्याचं सांगितलं, तर ताईनं केंद्राचं कार्डच पुढं केलं.

"हे तुझंच अक्षर ना? दर महिन्याला एकशेतीस-ऐंशी. गोळ्या सोडल्या तरी. मग बाबा खोटा कसा गं?"

केंद्रातलं यंत्र आठ महिने बंद होतं. दोन अर्ज केले, तिसरा केला नाही. महिन्याचा अहवाल तर भरावाच लागे, म्हणून येईल त्याच्या कार्डावर सिस्टर एकशेतीस-ऐंशी लिहायची. सगळ्यांचाच दाब ताब्यात दिसल्यामुळे केंद्राला उत्कृष्ट कामाची ढाल मिळाली होती, आणि वरून येणाऱ्या गोळ्या निम्म्या झाल्या होत्या. हे ताईला सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तिनं विषय बदलला.

एकोणीस दिवसांनी ताई शिलाई मशीनवर कोसळली. सुई उजव्या हाताच्या बोटातून आरपार गेली होती आणि ताईला ते कळलंही नव्हतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

चौथ्या दिवशी सिस्टर तो जिना चढली. रांगेतल्या रिक्षावाल्या काकांना तिनं खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं शांत राहू दिलं आणि बाबांचंच यंत्र त्यांच्या मनगटाला बांधलं. हात खाली: एकशे अठ्ठ्याहत्तर. हात छातीशी: एकशे एकोणपन्नास. हात डोक्यावर: एकशे दहा. तेवढा वेळ बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला भाचीवर खेकसत होते. त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

तिनं समजावून सांगितलं. मनगट हृदयाच्या खाली गेलं की वरच्या रक्ताचं वजन त्यावर पडतं आणि आकडा फुगतो. वर नेलं की उतरतो. त्यात आधी तीन मजल्यांची धाप, नंतर अर्ध्या तासाची विश्रांती. खरा आकडा छातीशी हात ठेवल्यावरचा, आणि मेंदूतल्या नसा तोच सोसत राहतात.

रिक्षावाल्या काकांनी खिशातून केंद्राचं कार्ड काढलं.

"मग ही तुमची एकशेतीस कुठून आली?"

उत्तर बाबांनी दिलं.

"सिस्टर, मी निदान यंत्र तरी बांधतो."

माणसं हसली. हसणं थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "या कार्डांवर आठ महिन्यांत मी लिहिलेला एकही आकडा मोजलेला नाही. माझ्या बहिणीचाही नाही."

कुणीतरी तिच्या तोंडावर कार्ड फेकलं, मग बऱ्याच जणांनी. रिक्षावाले काका तेवढे बादलीशी बसून आपलं पाकीट शोधत होते. बादलीत शेकडो पाकिटं होती आणि त्यांना आकड्यांपलीकडे वाचता येत नव्हतं.

बाबा दोन दिवस कोठडीत राहिले आणि सुटून दुसऱ्या गावी गेले. सिस्टर निलंबित झाली. केंद्रप्रमुखांना बढती मिळाली; ढाल त्यांच्याच नावावर होती. नवं यंत्र चार दिवसांत आलं.

आता सिस्टर ताईला दोन्ही वेळा भरवते. ताई तिच्याकडे बघत नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. दाब मोजणारा बाबा असो की सरकारी माणूस, आधी पाच मिनिटं बसा, हात छातीच्या उंचीवर ठेवा, आकडा स्वतः बघा. यंत्र बांधल्याशिवाय कार्डावर काही लिहू देऊ नका. यंत्र का बंद आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. सिस्टरला हे सगळं ठाऊक होतं, आणि ताईचे दोन्ही हात चालत होते तेव्हाही ठाऊक होतं.