मुळीशिवाय आलेलं गिऱ्हाईक

शनिवारी दुपारी गाण्याचा सराव संपला आणि सालानिएताने पिशवीतून एक कागद काढला. मला वाटलं, नवीन स्तोत्र आणलं असेल. मी वह्या गोळा करत होते.

"उनाइसी, वह्या राहू देत," ती म्हणाली. "बसा सगळ्या. जोवेसाच्या नावाला गिऱ्हाईक आलंय."

आम्ही बसलो. आमच्या चर्चला वेदीपुरतेच पत्रे उरले आहेत. बाकीचं छप्पर दोन वर्षांपूर्वीच्या वादळाने उचलून नेलं, ते कुणाला सापडलं नाही. तेव्हापासून वर निळी ताडपत्री आहे. दुपारचं ऊन तिच्यातून उतरलं की गाणाऱ्या बायकांचे चेहरे निळे दिसतात, आणि जोराचा पाऊस आला की पाळकांचं प्रवचन वेदीपाशी थांबतं, आमच्यापर्यंत पोचतच नाही. आमचे पाळक अर्धं प्रवचन गाऊन करतात. ते ऐकू न येणं म्हणजे काय, हे ज्याला गोडी आहे त्यालाच कळेल.

जोवेसा हा सालानिएताचा नवरा. जाऊन चार वर्षं झाली. त्याने खूप आधी इंटरनेटवर आमच्या गावाचं नाव घेऊन ठेवलं होतं, वाइतुबु डॉट कॉम. परदेशी लोक येतील, मी त्यांना समुद्राखालचं प्रवाळ दाखवीन, असं त्याचं स्वप्न. होडी काही झाली नाही, इंटरनेटवरचं पानही कधी तयार झालं नाही. पण दरवर्षी हा सावुसावू शहराला जाऊन नावाचे पैसे भरून यायचा. पुरुष त्याला चिडवायचे, "जोवेसाने पाटी रंगवली, दुकान थाटायचं विसरला!" तो गेल्यावर ते पैसे सालानिएता भरत राहिली. एकदा तिच्या घरची वीज तोडली गेली, पण नावाचा हप्ता चुकला नाही.

आणि आता जिनिव्हाच्या कुणा बर्नार्ड हॉल्स्टचं पत्र आलं होतं. वाइतुबु हे नाव मला हवं आहे, चोवीस हजार अमेरिकी डॉलर देतो.

कुणीतरी "हालेलुया" म्हणालं, तेही वरच्या पट्टीत.

अपेनिसा दारात उभा राहून ऐकत होता. तो चर्चचा कारभारी, छपराच्या वर्गणीचा बिस्किटांचा डबा त्याच्या ताब्यात. शिवाय सालानिएताचा आतेभाऊ. आमच्याकडे आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवली नाही तर नातं तुटलं की काय असं लोक विचारतात.

"चोवीस हजार!" तो आत आला. "सगळं छप्पर होऊन वर भिंतींना रंग! ए सालानिएता, तुझा नवरा वेडा नव्हता गं. आम्हीच वेडे."

मी शेजारीच होते. सोळा वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहून दुसरा आवाज गाते. ती श्वास कधी घेते ते मला कळतं. त्या वाक्याने तिचा श्वास अडकला.

"एकच गोष्ट मागितलीय त्याने," ती म्हणाली. "नावाची किंमत ठरवल्याचा दाखला. त्याच्या भागीदारांना दाखवायचाय म्हणे. मशीनने काढलेला चालत नाही, माणसाने तपासून दिलेला हवा. कुठून घ्यायचा ते मला ठाऊक नव्हतं, तर त्याने एका पानाचा पत्ता दिला. तिथे लोक हेच विचारतायत आणि एकजण सांगतोय, अमुक कंपनीकडून घ्या, मी घेतला, माझं नाव विकलं गेलं."

"फी?" मी विचारलं.

"एकशे ऐंशी. अमेरिकी. आपले चारशे डॉलर झाले."

"आणि ती भरायची कुणी?"

"आपण. नंतर किमतीत मिळवून देतो म्हणाला."

सगळ्यांच्या माना अपेनिसाकडे वळल्या. डब्यात चारशे साठ होते. सगळ्या गावाला पाठ आहे तो आकडा. चारशे म्हणजे दहा पत्रे.

"देऊ की," अपेनिसा म्हणाला. "इतकं गोड बोलून मागतोय. मागणाऱ्याला आपण कधी नाही म्हटलंय?"

खरं आहे. आमच्यात केरेकेरे म्हणतात त्याला. शेजाऱ्याने कुऱ्हाड मागितली, द्या. भाच्याने शर्ट मागितला, अंगातला काढून द्या. नाही म्हणणाऱ्याचं तोंड गाव वर्षभर बघत नाही. त्यामुळे मग आम्ही सगळे शाळेच्या कुंपणापाशी, फोन लागतो तिथे, गेलो आणि मिळून त्या हॉल्स्टला छान पत्र लिहिलं. परमेश्वराचे आभार मानले, त्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी केली, रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करू असं कळवलं, आणि दाखल्याचं बघतो म्हणालो. अपेनिसाने शेवटी बायबलातलं वचन घालायला लावलं.

तीन मिनिटांत उत्तर आलं. 'छान. दाखला कधी पाठवता?'

सालानिएता फोनकडे बघत राहिली. "आईचं काही नाही लिहिलं," ती म्हणाली.

"घाईत असेल."

"अपेनिसा, मी सव्वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेय. ज्याला खरंच काही घ्यायचं असतं तो वस्तूबद्दल चार प्रश्न विचारतो. याने वाइतुबु म्हणजे गाव की मासा, एवढंही विचारलं नाही."

"तू ना, लग्नातसुद्धा नवऱ्याची पावती मागितली असशील," अपेनिसा म्हणाला, आणि सगळे हसले. तीही हसली, पण उशिरा.

सोमवारी ती मला परत शाळेच्या कुंपणापाशी घेऊन गेली. गावात नेटवर्क तिथेच येतं. जोवेसाने तिला एक गोष्ट शिकवली होती. इंटरनेटवरचं कुठलंही नाव कधी घेतलं गेलं, याची नोंद सगळ्यांना बघता येते. दरवर्षी पैसे भरले की तो तिला आपली नोंद दाखवायचा, बाप पोराचं प्रगतिपुस्तक दाखवतो तसा. तिने आता त्या दाखला देणाऱ्या कंपनीचं नाव घातलं. पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बारा वर्षांची विश्वासू सेवा.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. ते नाव घेऊन तेवीस दिवस झाले होते. मग तिने ज्या पानावर लोक त्या कंपनीची स्तुती करत होते, त्याचं नाव घातलं. तेही तेवीस दिवसांचंच.

"जुळी पोरं," मी म्हटलं.

"आई-बाप एकच. आणि तो हॉल्स्ट त्यांचा मामा." ती हसली नाही. कुंपणाची तार धरून उभी राहिली. "उनाइसी, मला वाटलं होतं गं, कुणाला तरी कळलं. जोवेसाने काय घेऊन ठेवलंय ते."

मी तिचा हात धरला.

मंगळवारी सकाळी मी कसाव्याच्या कंदांची मोळी घेऊन बसथांब्यावर गेले तर अपेनिसा तिथे. कमरेला इस्त्रीचा सुलू, अंगात रविवारचा शर्ट, काखेत बिस्किटांचा डबा. सावुसावूच्या बँकेतून पैसे पाठवायला निघाला होता.

"सालानिएताने सांगितलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"सांगितलं. तेवीस दिवस न् काय काय. बाई, कंपनीने घर बदललं असेल! चोवीस हजार हातचे घालवायचे का तेवढ्यासाठी? त्याने काल परत लिहिलंय, दुसरं नाव बघतोय म्हणून. उद्यापर्यंतच थांबणार आहे."

तेवढ्यात रस्त्याने सालानिएता आली. चालत नव्हती, चाल करून येत होती. तिने त्याच्या काखेतला डबा काढून घेतला, थांब्याच्या बाकावर ठेवला आणि त्याच्यावर बसली.

"ऊठ," अपेनिसा म्हणाला.

"नाही."

"तो देवाचा डबा आहे!"

"म्हणून तर बसलेय. देवाच्या डब्यावर राखण नको?"

"पत्रा चेपेल!"

"चेपू दे. रिकामा होण्यापेक्षा चेपलेला बरा."

बस आली. बसला खिडक्यांच्या काचा नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी माना बाहेर काढल्या. ड्रायव्हर राजेंद्र, त्याने इंजिन बंदच केलं. असं फुकट कुठे बघायला मिळतं!

"सालानिएता," अपेनिसाचा आवाज खाली आला. "तुला नको का वाटत, जोवेसाची किंमत गावाला कळावी? आम्ही हसलो त्याला. मी जास्त हसलो."

हे त्याने बोलायला नको होतं. किंवा बोलायलाच हवं होतं, मला माहीत नाही. ती क्षणभर डब्यावरून उठते की काय असं वाटलं.

"जोवेसाची किंमत," ती म्हणाली, "तेवीस दिवसांचं कार्टं ठरवणार? तेही माझ्याकडून पैसे घेऊन? तू एक सांग मला. तुझ्या पोरासाठी लोमालोमात मुलगी मागायला गेलो, तेव्हा काय घेऊन गेलास?"

"मुळी. यांगोनाची. मोठी जुडी." हे मूळ कुटून आम्ही पेय करतो, आणि मागणं घेऊन जाणारा तेच आधी समोर ठेवतो.

"ती विकत कुणी घेतली?"

"मी."

"का? मुलीच्या बापाकडून का नाही घेतली? म्हणायचं, तुमच्या मुलीला मागायला आलोय, मुळी तुम्हीच आणा, पुढे-मागे हिशेबात धरू."

बसमधून हशा उठला. "काठीने हाणलं असतं त्याने!" कुणीतरी ओरडलं.

"हाणलंच असतं," ती म्हणाली. "ज्याला हवं असतं तो मुळी घेऊन दारात बसतो, मग बोलतो. मागणाऱ्याला नाही म्हणू नये, बरोबर. पण तो दारातून आत आलेला असावा लागतो. हा माणूस अजून कुंपणाबाहेर उभा आहे, आणि तिथून आपल्यालाच म्हणतोय, मुळी आण. हे केरेकेरे नाही, अपेनिसा. ही चोरी आहे, नुसती गोड बोलून केलेली."

पण अपेनिसा हट्टी माणूस. "मग विचार त्याला," तो म्हणाला. "माझ्यासमोर. खोटा निघाला तर मी घरी जातो."

"निघताय का, की डब्याचं लग्न लावून मगच निघू?" राजेंद्रने विचारलं.

"तू जा रे!" दोघं एकदम ओरडली. बस गेली. माझा कसावाही बाजाराशिवाय राहिला.

कुंपणापाशी तिने डबा माझ्याकडे दिला आणि फोन अपेनिसाच्या हातात. "तूच लिही. माझ्यावर विश्वास नको ठेवूस."

तो एका बोटाने लिहितो. तिने सांगितलं तसं पहिलं लिहिलं, फी तुम्ही भरा, किमतीतून दुप्पट कापून घ्या. उत्तर आलं, आमच्या नियमात बसत नाही. दुसरं लिहिलं, चोवीस हजार तुम्ही आणि नाव आम्ही, दोन्ही एका तिसऱ्या विश्वासू मध्यस्थाकडे ठेवू, दोघांचं समाधान झालं की त्याने सोडावं. उत्तर आलं, आमची बँक तसं करू देत नाही.

तिसरं त्याने स्वतःच्या डोक्याने लिहिलं. किंमत ठरवणाऱ्या दुसऱ्या जुन्या कंपन्या आहेत, त्यातल्या तुम्ही म्हणाल तिचा दाखला आणतो, चालेल?

लगेच उत्तर आलं. 'नाही. आम्ही सुचवलेल्या कंपनीचाच. आज.'

तो बराच वेळ ते वाचत राहिला. ओठ हलवून, वचन वाचतो तसा.

"याला दाखला नकोच आहे," तो शेवटी म्हणाला. "याला फीच हवी आहे. नावाबिवाशी काही देणंघेणं नाही."

"आता काय लिहितोस?"

अपेनिसाने लिहिलं ते मी इथे देत नाही, तो चर्चचा कारभारी आहे. त्याला उत्तर मात्र आलं नाही.

त्या आठवड्यात डब्यातले पैसे पत्र्यांच्या दुकानात गेले. अकरा पत्रे आले, गाणाऱ्यांच्या बाजूला लागले. उरलेल्यावर ताडपत्री आहे ती आहे. आणि शनिवारी सालानिएताने सरावाला सांगितलं, नाव विकायचं नाही, वापरायचं. वापरायचं कसं, तर आमच्याकडे प्रश्नोत्तरं गायची जुनी पद्धत आहे. एका बाजूच्या बायका प्रश्न गातात, दुसऱ्या उत्तर. पाळक म्हणतात, सांगितलेलं कानात राहतं, गायलेलं पोटात जातं. तिने कडवी रचली, आम्ही गायलो, आणि जोवेसाच्या रिकाम्या पानावर ते गाणं चढलं. खाली तिने ते सगळं लिहिलं, कंपनीचं नाव, तेवीस दिवस, तिन्ही उत्तरं.

*कोण आलं कुंपणाशी?* — *गिऱ्हाईक आलं गोड तोंडाचं.*
*काय मागतं, बाई, आधी?* — *दाखला मागतं आमच्या खर्चाचा.*
*कुणाच्या हातचा चालतो?* — *त्याच्याच भावाच्या हातचा.*
*मग काय द्यावं त्याला?* — *पाठ द्यावी, पाठ द्यावी.*

लाबासाहून एका माणसाने लिहिलं, माझ्याकडून याच महिन्यात असेच पैसे गेले. सामोआतल्या एका बाईने लिहिलं, मी उद्या पाठवणार होते.

मग पुढच्या शनिवारी त्या कंपनीचंही पत्र आलं. चोवीस तासांत पान काढा, नाहीतर आमचे वकील तुमच्यावर खटला भरतील, गावावरसुद्धा. अपेनिसा ते घेऊन सरावाला धावत आला. चेहरा कसाव्याच्या पिठासारखा.

"वकील म्हणतायत गं! गावावर! काढून टाकायचं का?"

सालानिएताने पत्र दोनदा वाचलं. मग ते चष्म्याखाली धरून तालात मान हलवू लागली.

"अपेनिसा, तू पुरुषांच्या बाजूला जा. खालचा आवाज कमी पडतोय," ती म्हणाली. "उनाइसी, पाचवं कडवं. प्रश्न तू घे. *वकील कुणाचा येणार?*"

मी जरा वर धरलं. तिने हाताने खाली आणलं. अपेनिसा कुरकुरत पुरुषांच्या ओळीत जाऊन उभा राहिला, आणि उत्तर काय गायचं ते अजून कुणी रचलेलंच नव्हतं, तरी पहिला स्वर त्यानेच लावला.