बाबांसाठी आणलेला टीव्ही

मी टीव्ही बोलतोय. माझं बोलणं ऐकायची तुम्हाला सवय आहेच. आजवर मी दुसऱ्यांचं बोलत आलो, आज माझं स्वतःचं सांगतो. रिमोट जरा खाली ठेवा.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं, पुसलं आणि खोक्यात बंद केलं. खोक्यातून निघालो तो थेट दुकानाच्या भिंतीवर. तिथे आम्ही भावंडं रांगेने टांगलेली आणि सगळ्यांवर दिवसभर एकच धबधबा कोसळत असायचा. गिऱ्हाइकांचीही गंमतच. किंमत ऐकली की तोंड पाडायचं, मग बाजूने डोकावून माझी जाडी बघायची आणि मोठ्या जाणकारासारखी मान डोलवायची.

एका सुट्टीच्या दिवशी तिघं आले. मुलगा, सून आणि माहेरी आलेली मुलगी.

"बाबांसाठी घ्यायचाय," मुलगा विक्रेत्याला म्हणाला. "बस चालवायचे. आता लकवा झालाय, उजवी बाजू गेली. बोलताही येत नाही. नुसते पडून असतात."

"संध्याकाळी हे त्यांच्यापाशी बसतात, पेपर वाचून दाखवतात," सून म्हणाली. "टीव्ही आला की ह्यांनाही जरा मोकळीक."

मुलीने मध्येच विचारलं, "दादा, बाबांची मान उजवीकडे वळत नाही ना? मग लावणार कुठे?"

"ते घरी गेल्यावर बघू गं. आधी हा रंग बघ, काय झकास आहे!"

मग तिघंही माझ्यापुढे उभे राहिले. जवळून बघितलं, लांबून बघितलं, आवाज वाढवला, कमी केला. एवढं निरखून मला आधी कुणी बघितलं नव्हतं. मी हुरळून गेलो, हे कबूल करतो. मुलगी दुकानातूनच आपल्या गावी परतली आणि मी ह्या घरी आलो.

बाबांचा पलंग बाहेरच्या खोलीत होता. त्यांच्या डाव्या हाताला सोफा आणि सोफ्याशेजारी आरशाचं जुनं कपाट. उजव्या हाताची भिंत मोकळी, विजेचा बोर्डही तिथेच. मला टांगायला आलेल्या माणसाने विचारलं, "ह्याच भिंतीवर ना?" मुलगा सोफ्यावर बसला, उठला, सरकून पुन्हा बसला. "इथून मस्त दिसेल. लावा."

"आणि काकांना?"

"मान वळवायचा प्रयत्न करतील. तेवढाच व्यायाम."

ड्रिल फिरलं, भिंतीची माती बाबांच्या पांघरुणावर उडाली, सुनेने ती झटकली. पलंगावर आडवं होऊन कुणीही बघितलं नाही. तेवढं सोडून सगळं बघून झालं होतं.

बाबांची मान काही वळली नाही. पण माणूस बसचा ड्रायव्हर होता. मागचं सगळं जग त्याने जन्मभर आरशातच बघितलेलं. दुसऱ्या दिवशीच त्यांनी मला कपाटाच्या आरशात गाठलं. तिथे माझी अक्षरं उलटी पळायची, उजव्या हाताने खेळणारे सगळे डावखुरे व्हायचे. बाबा अर्ध्या ओठांनी हसायचे. एखादा रस्ता दिसला की त्यांचा डावा हात पांघरुणावर हळूहळू फिरायचा, जणू वळण घेतोय. तो हात बघून मला बरं वाटायचं. पेपर वाचणं मात्र बंद झालं. मुलगा सोफ्यावर बसून माझ्याकडे बघायचा आणि अधूनमधून म्हणायचा, "बाबा, मजा येतेय ना?"

मग सोफा अपुरा वाटायला लागला. माझ्यासमोर मोठा हवा, पाय पसरता येतील असा. कपाट आड येत होतं.

"आरसा आपल्या खोलीत घेऊ या," सून म्हणाली. "बाबांना त्याचा काय उपयोग?"

दोघांनी कपाट ओढलं. बाबांनी डाव्या हाताने पलंगावर थापा मारायला सुरुवात केली. घशातून "अं... अं..." असा आवाज काढत राहिले. दोघंही थबकले. मला वाटलं, आता कळेल.

"आवाज वाढवायला सांगताहेत," मुलगा म्हणाला आणि त्याने माझा आवाज वाढवला.

माझ्या पडद्यावर तेव्हा कुणीतरी नाचत होतं. मला तोंड होतं, आवाज होता, पण त्यातलं माझं स्वतःचं काहीच नव्हतं. मी लाजेने काळा पडायला हवा होतो. तेही बटणाशिवाय होत नाही.

त्यानंतर बाबांच्या डोळ्यांसमोर नवा सोफा उरला आणि त्यावर बसलेली आपली माणसं. ती माझ्याकडे बघायची, बाबांच्या अंगावरून. बाबा त्यांचे चेहरे बघायचे. ती हसली की थोडं उशिरा हेही हसायचे. हळूहळू तेही थांबलं.

बाबा गेले तेव्हा विनोदी कार्यक्रम चालू होता. मुलगा पोट धरून हसत होता, सून हसता हसता डोळे पुसत होती. दोघांचीही तोंडं बाबांच्याच दिशेला होती. ताट घेऊन सून जवळ आली तेव्हा कळलं. मी अजून हसतच होतो. मला बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

मुलगी आली, खूप रडली. भेटायला येणारे येऊन गेले. एका दुपारी थकलेला मुलगा त्या पलंगावर डाव्या कुशीवर जरा पडला. समोर बायको आणि बहीण बसल्या होत्या. मग म्हणाला, "अगं, इथून टीव्ही दिसत नाही."

"मग बाबा काय बघायचे रे?" बहिणीने विचारलं.

"तुम्ही दोघी दिसताय," तो म्हणाला. कूस बदलून त्याने भिंतीकडे तोंड केलं, तर समोर मी.

तेव्हापासून मी बंद आहे. माझ्यावर धूळ बसलीय, ती बसू दे. माझं एवढंच मागणं आहे. टीव्ही घ्यायला जाल तेव्हा खुशाल रंग बघा, जाडी बघा. पण घरात कुणी पडून असेल, तर आधी त्याच्या उशीवर डोकं टेकून बघा. आणि टीव्ही तिथून दिसत असला, तरी रोज त्याला पेपर वाचून दाखवा.